अर्ध्या दिवसाची सहल: सोलापुरातून निघायचं कधी, परतायचं कधी

सोलापूरकराला "फिरायला कुठं जायचं?" असं विचारलं की तो आधी स्टेशनाकडे बघतो. गाव पडलं वाटेवरचं. पुण्या-मुंबईची गाडी, हैदराबादचा हायवे, विजापूरचा रस्ता, सगळ्या वाटा इथूनच फुटतात. त्यामुळे फिरणं म्हणजे रात्रीचा प्रवास, महिनाभर आधी काढलेलं तिकीट आणि साहेबांपुढे रजेचा अर्ज, असं डोक्यात पक्कं बसलेलं. मग जवळची ठिकाणं कोणासाठी? पाहुण्यांसाठी! पाहुणे आले की एका दिवसात तुळजापूर, अक्कलकोट आणि उरलेल्या वेळात सिद्धेश्वर. पाहुणे खूश, आपण आडवे.

आम्हीही तेच करायचो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी नऊला निघालो. आधी तुळजापूर, तिथून नळदुर्ग आणि परतताना अक्कलकोट असा बेत. नकाशावर तो त्रिकोण फार सुबक दिसतो. तुळजापुरात रांगेतच बारा वाजले. नळदुर्गच्या किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि दगड तव्यासारखा तापला होता. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. "कशाला पळवायलीस गं आम्हाला? हजेरी लावायला आलोय का?" एवढंच म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून घेऊन डोळे मिटून बसल्या. अक्कलकोट राहिलं ते राहिलंच. मुलांनी किल्ल्याऐवजी गाडीत बसून वेफर्सची पाकिटं संपवली.

त्यानंतर आमच्या घरात मापच बदललं. सोलापुरात सहल किलोमीटरवर मोजायची नाही, उन्हावर मोजायची. पहाटे सहा ते अकरा हा एक तुकडा आणि दुपारी चार ते रात्री आठ हा दुसरा. मधला वेळ सूर्याचा, त्यात आपण सावलीत असायचं. एका तुकड्यात एकच ठिकाण. एवढं पाळलं तर वर्षाकाठी दहा-बारा सहली सहज होतात, रजा न घेता. आम्ही दोघंही नोकरीवाले, घरात एक म्हातारं माणूस आणि दोन मुलं. तरीही होतात म्हणून सांगते.

आधी पाण्याचा दिवस बघा

दुसऱ्या गावच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल, पण सोलापुरात सहलीची तारीख काढताना पहिला प्रश्न हाच असतो: त्या दिवशी नळाला पाणी येणार आहे का? आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. आलं की टाकी, पिंप, घागरी, तांबेसुद्धा भरून ठेवायचे. त्या दिवशी घरात एक माणूस लागतोच. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पाण्याच्या दिवसांना पेन्सिलीने गोल करते. पेनाने करू नका, वेळापत्रक सरकतं.

त्यानंतर वार आणि तिथी. अक्कलकोटला गुरुवारी जाऊ नये. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळावी. पंढरपूरला कुठलीच एकादशी नको, आषाढी-कार्तिकीचं तर बोलायलाच नको. वारी करायचीच असेल तर तो वेगळा विषय, त्याला सहल म्हणत नाहीत. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरून वाहतो. त्या एक-दोन दिवसांत त्या बाजूला गाडी घालू नका, वाहतूक वळवलेली असते. चालायला जायचं असेल तर मात्र जरूर जा.

हंगामाचं म्हणाल तर आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस रुसलेलाच असतो, खरा बरसतो तो सप्टेंबरात. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. मार्चपासून दुपारचं बाहेर पडणं बंद. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा फक्त पहाटेचा तुकडा वापरायचा आणि तोही शहराच्या आसपास.

खुंटीवरची पिशवी

छोट्या सहली होत नाहीत त्याचं कारण वेळ नसतो हे नव्हेच. जायचं ठरलं की आदल्या रात्री सगळं घर उलथंपालथं होतं, टोपी सापडत नाही, बाटलीचं झाकण सापडत नाही आणि "जाऊ दे, पुढच्या रविवारी बघू" असं होतं. हा कंटाळा मोडायचा तर सामान कायमचं बांधलेलं हवं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर एक जाड कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यातली वस्तू घरातल्या कामाला घ्यायची नाही, हा दंडक आहे. मुलं कात्रीसाठी डोळा ठेवून असतात, तरीही.

पिशवीत सगळ्यात खाली एक जुनी सोलापुरी चादर. नवी चांगली चादर नव्हे. कडेचे दोरे सुटलेली, मधलं फूल फिकं पडलेली, घरात कोणी अंगावर घेत नाही अशी. तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. जाड असल्यामुळे खाली खडे टोचत नाहीत. गाडीच्या खिडकीत अडकवली की ऊन थांबतं. दोन बाभळींना बांधली की सावली होते. पोरगं झोपलं की पांघरूण होतं. बाजारात त्या चटकदार प्लॅस्टिकच्या चटया मिळतात, त्या उन्हात तापून चटका देतात आणि वाऱ्यावर उडतात, म्हणून मी त्यांच्या नादाला लागत नाही. चादरीची एकच खोड आहे. माळावरच्या गवतात पसरली की कुसळं तिच्यात रुततात. घरी आल्यावर झटकून निघत नाहीत. जुना बारीक दातांचा कंगवा घेऊन एका दिशेने ओढायचा, मग येतात.

त्यावर चार पंचे. ओला पंचा मानेवर टाकला तर दोन तास ऊन सुसह्य होतं. मग टोप्या, क्षारसंजीवनीची पुडी, सासूबाईंच्या गोळ्यांचा जास्तीचा एक दिवसाचा डोस नाव लिहिलेल्या डबीत, सेफ्टी पिना, काडेपेटी, चिकटपट्टी, कचऱ्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या. सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स. आणि एका डबीत दहा-वीसच्या नोटा. खेड्यातल्या पार्किंगवाल्याकडे, चपला सांभाळणाऱ्या मावशींकडे मोबाइलवरून पैसे देता येतील हा भरवसा धरू नका. रेंज असेलच असं नाही.

पाणी माणशी दोन लिटर, आदल्या रात्री भरून दाराशी ठेवायचं. "वाटेत घेऊ" म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा सोबत नेऊ नका.

डबा: इथं सोलापूर जिंकतं

हॉटेल शोधण्यात अर्ध्या दिवसातला एक तास जातो आणि मुलांची चिडचिड होते ती वेगळी. आपल्या भागाचं खाणंच मुळात प्रवासाचं आहे, त्याचा फायदा घ्यायचा.

ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, कोथिंबीर घालून रात्रीच धपाटे थापून ठेवते. कांदा घालत नाही, त्याने लवकर वास येतो. धपाटे पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, नाहीतर सकाळी सगळे घामेजलेले. म्हातारं माणूस सोबत असेल तर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, दाताला मऊ.

आणि कडक भाकरी. हिच्यासारखा शिधा नाही. पापडासारखी कुरकुरीत, नीट ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. म्हणून एक गड्डी पिशवीजवळच असते. प्रवासात तिचा चुरा होतो ही तक्रार सगळे करतात. दोन स्टीलच्या ताटल्यांमध्ये ठेवून वरून पंचाने गाठ मारा, विजापूरपर्यंत शाबूत जाते. पोचल्यावर दह्यात चुरायची, वर शेंगाचटणी. चटणी उखळात कुटून तेल सुटलेली असावी. नुसती मिक्सरला फिरवलेली भुसभुशीत असते, घशाशी बसते. तेल सुटलेली चटणी प्लॅस्टिकच्या डबीत नेली की पिशवीला, चादरीला आणि शेवटी तुमच्या पांढऱ्या कुर्त्याला लागते. स्टीलची, फिरकीच्या झाकणाची डबी.

चहा थर्मासमध्ये. एवढंच.

जायचं कशाने

सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या आत एसटीला तोड नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा या गाड्या दिवसभर सुटतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. आमच्या घरच्या तिकिटांचा हिशेब त्यामुळे गाडीच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी खाली येतो. आधार कार्ड मागतात, म्हणून त्या झेरॉक्स, आणि मूळ कार्डही जवळ असू द्या. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, विजापूरला जाताना हे लक्षात ठेवायचं. लागोपाठ बरंच फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास निघतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकदा काढला होता.

रेल्वेचं एक लक्षात ठेवायचं: स्टेशन आणि गाव एकच असेल असं नाही. अक्कलकोट रोड स्टेशन अक्कलकोट गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे. गाणगापूर रोडचंही तसंच. स्वस्तात गेलात आणि पुढे रिक्षासाठी घासाघीस करत बसलात, तर काय कमावलं?

स्वतःची गाडी असेल तर आदल्या दिवशी तीन गोष्टी: चाकांतली हवा, फास्टॅगमधले पैसे, पेट्रोल. चाकात हवा गार टायरवर, सकाळी भरावी. उन्हात पळून आलेल्या टायरमधला आकडा फसवतो. दुचाकीवर दोघांनीच जायचं असेल तर नान्नजपर्यंत मजेत, नळदुर्गपर्यंत ठीक. हैदराबाद हायवेवर ट्रक फार, अंधार पडायच्या आत परत या.

पहिली सहल: नान्नजचा माळ

ज्यांनी कधीच अशी सहल केली नाही त्यांनी सुरुवात इथून करावी. बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. आता माळढोक दिसेल अशी आशा मनात धरून जाऊ नका, तो पक्षी दिसणं जवळपास संपलंच आहे. पण काळविटांचे कळप दिसतात. नर काळाभोर, पीळ पडलेल्या शिंगांचा, माद्या पिवळसर. नशीब असेल तर खोकड, फारच थोर असेल तर लांडगा.

सहाला घर सोडा, सूर्य वर येताना माळावर असा. वनखात्याच्या माणसाला भेटून, नाव नोंदवून, ते सांगतील तेवढंच आत जायचं. भडक कपडे नकोत. मुलांना आधीच सांगून ठेवा की इथं झाडी नाही, गवत आहे, आणि गवत हेच इथलं जंगल. आमचा मोठा पहिल्या खेपेला "काहीच नाहीये" म्हणून रुसला होता. मग समोरच्या तपकिरी ढेकळाने कान हलवला, ते चिंकारा निघालं.

नऊला उन्हाचा चटका सुरू होतो, तेव्हा परतायचं. द्राक्षाच्या दिवसांत वाटेत बागवाल्यांकडून द्राक्षं घ्या. सोनाका हा लांबट मण्यांचा वाण याच नान्नज गावचा.

कुडल: दोन नद्या आणि एक वाक्य

हत्तरसंग कुडल दक्षिण सोलापुरात, चाळीसेक किलोमीटरवर. विजापूर रस्त्याने निघून आत वळायचं. इथं सीना भीमेला मिळते. संगमावर दोन जुनी देवळं आहेत, संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं. हरिहरेश्वराचं मंदिर मातीत गाडलं गेलं होतं, ते काही दशकांपूर्वी उकरून काढलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघायला थोडा वेळ द्या. लांबून नुसतं खडबडीत दिसतं. जवळ गेलं की कळतं, तो खडबडीतपणा म्हणजे चेहरे आहेत, ओळीने कोरलेले, साडेतीनशेच्या वर. सकाळचं तिरपं ऊन असेल तर एकेक नाक-डोळा उठून दिसतो. दुपारी सगळं सपाट.

आणि संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. आपल्या सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातलं शेवटचं वाक्य असं: "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर लिहून ठेवलं आणि आपण ते वाचलं की आपणच जिंकलो! धाकटीला हे इतकं आवडलं की परीक्षेला जाताना ती अजून पुटपुटते.

अडचणी दोन. तिथं खायला फारसं मिळत नाही, त्यामुळे डबा हवाच. आणि पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडलं की भीमा फुगते, तेव्हा जाऊ नये. एरवीही मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. काठ गाळाचा आहे.

नळदुर्ग: फोन केल्याशिवाय निघायचं नाही

पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, हैदराबाद हायवेवर. आमची एप्रिलची फजिती झालेली जागा. तिचा हिशेब पुढे चुकता केला, तीन खेपा करून.

बोरी नदीने इथं दगडात खोल वळण घेतलंय. त्या वळणावर मुख्य किल्ला, पलीकडे रणमंडळ नावाचा छोटा किल्ला आणि दोघांना जोडणारा दगडी बंधारा. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये तो बांधला. बंधाऱ्यावरून पाणी कोसळायला लागलं की त्याच्या दोन धारा होतात, नर आणि मादी. माणूस आत महालात उभा असतो, समोरून पाण्याचा पडदा पडत असतो आणि अंगावर थेंबही येत नाही, तुषार सोडले तर. आत आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलायला खांद्याला हात लावावा लागतो.

पण हे दरवर्षी दिसत नाही. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच. काही वर्षी धारा सुटतच नाहीत. दुसऱ्या खेपेला आम्ही कोणीतरी मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ बघून धावत गेलो, तो व्हिडिओ जुना निघाला. बंधारा कोरडा, खाली डबकी, वर आम्ही. तेव्हापासून नियम: नळदुर्गात ओळखीचं कोणी असेल त्याला "आज पाणी पडतंय का?" असं विचारल्याशिवाय निघायचं नाही. ओळखीचं नसेल तर सोलापुरातून त्या रस्त्याला रोज जाणारा एखादा ड्रायव्हर गाठा, त्याला सगळं ठाऊक असतं.

धारा सुटल्या की सुट्टीच्या दिवशी तोबा गर्दी. शनिवारी किंवा रविवारी जायचंच असेल तर किल्ल्याचं दार उघडताना तिथं हजर असा. किल्ल्याला तिकीट आहे आणि संध्याकाळी दरवाजा बंद होतो. चपला नकोत, मागे पट्टा असलेलं पायताण किंवा बूट. पाणीमहालात उतरायच्या पायऱ्या अंधाऱ्या आणि शेवाळलेल्या असतात. मोबाइलचा उजेड लावला की एक हात त्यात अडकतो, म्हणून वेगळी टॉर्च हवी. म्हाताऱ्या माणसांना आत नेऊ नका. बंधाऱ्याच्या वरून दिसतं तेही पुष्कळ आहे. सासूबाई तिथंच चादर टाकून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या शेंगाचटणीची चव दाखवत राहिल्या.

पाणी नसताना जायचं असेल तर हिवाळ्यात. शंभराहून जास्त बुरूज आहेत, सगळे बघायचे नाहीत. उपली बुरूज चढा. वर लांबलचक तोफ पडलेली आहे आणि चारी दिशांचा मुलूख दिसतो. नंतर पाकळ्यांसारख्या आकाराचा नवबुरूज बघा. दोन तास पुरतात. तिथूनच जवळ अणदूर-नळदुर्गचा खंडोबा. या देवाचं मला फार कौतुक वाटतं. वर्षातला बराचसा काळ तो अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देवसुद्धा जवळच्या जवळ हवापालट करतो!

बाकीची, थोडक्यात

माचणूर. मंगळवेढा रस्त्याला, भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, घाट आणि किल्ल्याचे अवशेष. औरंगजेबाची छावणी इथंच ब्रह्मपुरीला १६९५ पासून काही वर्षं पडली होती. दुपारी चारचा तुकडा या जागेसाठी राखून ठेवा, सूर्य नदीपलीकडे बुडताना घाटाच्या पायरीवर बसायला मिळतं. पुढे मंगळवेढ्याला जायचा मोह आवरा, तो दुसऱ्या दिवशीचा.

पंढरपूरला मार्गशीर्षात जा आणि विष्णुपदावर डबा खा. त्या महिन्यात विठोबा तिथं येऊन राहतो अशी श्रद्धा आहे, आणि पंढरपूरकर तिथं घरचा डबा नेऊन जेवतात. दर्शनाची रांग मोठी असेल तर मुखदर्शन घ्या, देव रागावत नाही.

विजापूर मात्र पूर्ण दिवसाचं. शंभर किलोमीटर. गोलघुमट सकाळी लवकर गाठायचा. कारण साधं आहे: वरच्या सज्ज्यात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं ते फक्त शांततेत. शाळेच्या सहली आल्या की तिथं फक्त किंचाळ्या घुमतात. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे, हे खाली उभं राहून कळत नाही, सात मजले चढल्यावर गुडघ्यांना कळतं. दुपारी जेवून आडोशाला पडायचं आणि चार वाजता इब्राहिम रोजा हा मकबरा. मला विचाराल तर गोलघुमटापेक्षा रोजा सुंदर आहे, पण घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

एक रात्र मोकळी असेल तर भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर डिसेंबर ते मार्च रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पहाटेची नाव हवी, म्हणून मुक्काम कुंभारगावात करावा. नाववाल्याला पक्ष्यांच्या फार जवळ न्यायचा आग्रह करू नका. थवा उडाला की फोटो चांगला येतो, पण त्यांचं खाणं मोडतं.

कुठंच जायला जमलं नाही तर कंबर तलाव आहेच. शहरात, पहाटे साडेसहाला. अर्ध्या तासात वीस प्रकारचे पक्षी मोजता आले नाहीत तर चष्मा तपासून घ्या.

हुरड्याचं आमंत्रण

डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत कुणाच्या तरी शेतात हुरडा असतोच. आता पैसे देऊन जायच्या जागाही पुष्कळ झाल्या आहेत, तिथं झोपाळे, उंटाची सवारी वगैरे असतं. मला ते रुचत नाही, पण मुलं सांभाळायला बरं पडतं. ओळखीच्या शेतावर जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नये. दही, गूळ आणि चटणी आपण न्यायची. पोचायचं सकाळी नवाच्या आत. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून, हाताने चोळून निघालेला गरम हुरडा पहिल्या पाच मिनिटांत खायचा असतो. फोटो काढत बसलात तर तो गार आणि चिवट होतो. सोबत पाणी कमी प्या, नाहीतर परतीच्या वाटेवर पोट बोलतं.

परतल्यावर

दमून आलो म्हणून पिशवी कोपऱ्यात टाकली की पुढची सहल बुडाली असं समजा. त्याच संध्याकाळी पंधरा मिनिटं द्यायची. डबे घासून, चादर उन्हात टाकण्यासाठी बाहेर काढून, संपलेल्या वस्तूंची नावं एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पिशवीला पिनेने टाचायची. पुढच्या वाण्याच्या यादीत ती जाते.

आमची एक शंभर पानी वहीही आहे. त्यात ठिकाण, निघालो ती वेळ, परतलो ती वेळ, काय राहिलं, आणि कोण रुसलं एवढंच लिहितो. तिसऱ्या नळदुर्गच्या पानावर धाकटीच्या अक्षरात आहे: "५.५० ला निघालो. ११.१५ ला घरी. पाणी पडत होतं!!! टॉर्च राहिली. कोणी रुसलं नाही, आजीपण नाही." टॉर्च आता पिशवीत आहे. सेल आणायचे राहिलेत.